अँड्रॉइड स्टुडिओत पॅलेट, डिझाइन बटण, ॲट्रिब्यूट्स सापडत नाहीत? या क्रमाने शोधा

ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रोजेक्ट उघडतो, समोर कोटलिन या भाषेतला कोड दिसतो. पण ओढून ठेवायची बटणे, मोबाइलच्या पडद्याचे चित्र, उजवीकडची गुणधर्मांची यादी यांपैकी काहीच नसते. मग 'व्ह्यू' मेन्यू उघडून बघा, 'टूल्स' मेन्यू उघडून बघा, शेवटी स्टुडिओ काढून पुन्हा इन्स्टॉल करा, असा खटाटोप सुरू होतो. त्याने काहीच साधत नाही, कारण अँड्रॉइड स्टुडिओत रचनेची साधने मेन्यूत ठेवलेली नसतात. ती फाइलीबरोबर येतात. लेआउटची, म्हणजे पडद्याच्या रचनेची, फाइल उघडी असेल तर ती दिसतात, कोडची फाइल उघडी असेल तर दिसत नाहीत. आणि प्रोजेक्टमध्ये लेआउटची फाइलच नसेल, तर दिवसभर शोधूनही मिळणार नाहीत.

म्हणून आधी प्रोजेक्ट कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहा, मग सिंक (प्रोजेक्टची जुळवाजुळव), मग फाइल, आणि पॅनेल शोधायचे ते सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. (पडद्यावरची नावे इंग्रजीत असतात, इथे ती उच्चाराप्रमाणे एकेरी अवतरणात दिली आहेत.)

## टप्पा १ : प्रोजेक्ट कोणत्या पद्धतीचा आहे ते ओळखा

अँड्रॉइडमध्ये पडदा बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत व्ह्यूजची: पडद्याची रचना एक्सएमएल फाइलीत आणि वागणूक कोटलिन किंवा जावात. नवी पद्धत जेटपॅक कंपोझची: रचनासुद्धा कोटलिनमध्येच लिहायची. ओढून ठेवायचे पॅलेट फक्त पहिल्या पद्धतीत असते.

गोंधळ इथेच होतो. २०२३ साली आलेल्या फ्लेमिंगो आवृत्तीपासून नवा प्रोजेक्ट करताना दिसणारा 'एम्प्टी ॲक्टिव्हिटी' हा साचा कंपोझचा आहे. व्ह्यूजच्या जुन्या साच्याचे नाव आता 'एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी' आहे. जुने व्हिडिओ आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या नोट्स 'एम्प्टी ॲक्टिव्हिटी निवडा' असे सांगतात. ते ऐकून विद्यार्थी कंपोझचा प्रोजेक्ट तयार करतो आणि त्यात नसलेले पॅलेट शोधत बसतो.

ओळखायला दोन खुणा पुरतात. 'मेनॲक्टिव्हिटी' फाइल उघडा आणि 'ऑनक्रिएट'मध्ये पाहा:

- 'सेटकंटेंट' लिहून पुढे महिरपी कंस उघडला असेल, तर प्रोजेक्ट कंपोझचा आहे.
- 'सेटकंटेंटव्ह्यू' आणि कंसात 'आर.लेआउट' ने सुरू होणारे नाव असेल, तर प्रोजेक्ट व्ह्यूजचा आहे. कंसात 'बाइंडिंग.रूट' असेल तरीही तो व्ह्यूजचाच.

दुसरी खूण म्हणजे डावीकडच्या फाइलींच्या झाडात 'रेस'खाली 'लेआउट' हे फोल्डर. कंपोझच्या ताज्या प्रोजेक्टमध्ये ते नसतेच.

शिकताना पॅलेट हवे असेल आणि प्रोजेक्ट कंपोझचा निघाला, तर नवा प्रोजेक्ट करणे सर्वांत सोपे: 'फाइल', 'न्यू', 'न्यू प्रोजेक्ट', डावीकडे 'फोन अँड टॅब्लेट', आणि मग 'एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी'.

> इशारा : कंपोझच्या प्रोजेक्टमध्येच व्ह्यूजची ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा) घुसवून काम भागेल, असे वाटते. पण कंपोझच्या साच्यातली थीम व्ह्यूजच्या साच्याला लागणाऱ्या ॲपकॉम्पॅट घराण्यातली नसते, त्यामुळे ॲप उघडताक्षणी बंद पडते आणि लॉगमध्ये थीमबद्दलची तक्रार येते. थीम बदलून हे सुटते, पण पहिल्याच आठवड्यात ही भानगड ओढवून घेऊ नका.

ज्यांना कंपोझच शिकायचे आहे त्यांनी टप्पा २ पूर्ण करून थेट टप्पा ७ वाचावा.

## टप्पा २ : सिंक पूर्ण होऊ द्या

फाइल बरोबर आहे, 'डिझाइन' बटणही दिसते, पण चित्राच्या जागी राखाडी पडदा आणि 'यशस्वी सिंक झाल्याशिवाय डिझाइन एडिटर मिळणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. हा बिघाड नव्हे. ग्रेडलचे, म्हणजे ॲप जुळवून तयार करणाऱ्या साधनाचे, काम अजून झालेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

१. प्रोजेक्ट उघडल्यावर खालच्या पट्टीत फिरणारी प्रगतीरेषा संपेपर्यंत काहीही क्लिक करू नका. पहिल्या वेळी ग्रेडल आणि लायब्ररी इंटरनेटवरून उतरतात. धीम्या नेटवर बराच वेळ जातो.

२. रेषा संपली तरी चित्र नसेल, तर 'फाइल' मेन्यूतून 'सिंक प्रोजेक्ट विथ ग्रेडल फाइल्स' करा.

३. खाली 'बिल्ड' विंडो उघडा आणि पहिली लाल ओळ वाचा. शेवटची नव्हे, पहिली. पुढच्या बहुतेक चुका पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात.

सिंक अडण्याची नेहमीची कारणे तीन. एक, कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कची भिंत डाउनलोड अडवते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा सिंक करून पाहा, लगेच कळते. दोन, प्रोजेक्टला हवा असलेला एसडीके (ॲप बनवायच्या साधनांचा संच) उतरवलेला नसतो. तो 'टूल्स'मधल्या 'एसडीके मॅनेजर'मधून घ्यावा लागतो. तीन, चुकीचे फोल्डर उघडलेले असते, आणि याकडे जवळजवळ कोणाचे लक्षच जात नाही. मित्राकडून आलेली झिप उलगडली की एका फोल्डरात दुसरे तसेच फोल्डर असते. बाहेरचे उघडले तर स्टुडिओला तिथे प्रोजेक्ट सापडत नाही. आतले 'ॲप' फोल्डर उघडले तरी नाही. ज्या फोल्डरात 'सेटिंग्ज.ग्रेडल' ही फाइल आहे (नव्या प्रोजेक्टमध्ये तिच्या नावाला '.केटीएस' जोडलेले असते), तेच उघडायचे.

> तपासा : वरच्या पट्टीत चालवायच्या हिरव्या त्रिकोणाशेजारी 'ॲप' हे नाव दिसते का? दिसत असेल तर सिंक झाले. 'ॲड कॉन्फिगरेशन' असे दिसत असेल तर बहुधा सिंक झालेले नाही किंवा फोल्डर चुकले आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : लेआउटची फाइल उघडा

डावीकडे 'प्रोजेक्ट' विंडो नसेल तर विंडोज आणि लिनक्सवर ऑल्ट + १, मॅकवर कमांड + १ दाबा. तिच्या माथ्यावर एक यादी असते. तिथे 'अँड्रॉइड' निवडा. मग 'ॲप', 'रेस', 'लेआउट' या वाटेने जाऊन 'ॲक्टिव्हिटी_मेन' या एक्सएमएल फाइलीवर डबल क्लिक करा. यादीत 'अँड्रॉइड'ऐवजी 'प्रोजेक्ट' निवडलेले असेल तर वाट लांबते: 'ॲप', 'एसआरसी', 'मेन', 'रेस', 'लेआउट'. फाइल एकच, फक्त दाखवण्याची तऱ्हा वेगळी.

आणखी जवळची वाट आहे. 'मेनॲक्टिव्हिटी'त 'आर.लेआउट'नंतरच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक करा (मॅकवर कमांड). लेआउटची फाइल थेट उघडते. कोडमध्ये बाइंडिंग (लेआउटमधल्या वस्तू कोडला जोडणारा, आपोआप बनणारा क्लास) वापरले असेल तर क्लासच्या नावावरूनच फाइलीचे नाव कळते: 'ॲक्टिव्हिटीमेनबाइंडिंग' म्हणजे 'ॲक्टिव्हिटी_मेन'. दहा पडदे असलेल्या प्रोजेक्टमध्ये हे विशेष उपयोगी पडते, कारण चुकीच्या पडद्याची फाइल उघडून 'बदल का दिसत नाही' असे विचारणारेही कमी नाहीत.

नवा पडदा हवा असेल तर 'लेआउट' फोल्डरवर राइट क्लिक, 'न्यू', 'लेआउट रिसोर्स फाइल'. नावात फक्त इंग्रजी लहान लिपीतली अक्षरे, अंक आणि अधोरेघ चालते. एक मोठे अक्षर, एक जागा किंवा एक मधली रेघ आली की बिल्ड मोडते आणि चूक भलत्याच ठिकाणी दिसते.

## टप्पा ४ : 'कोड', 'स्प्लिट', 'डिझाइन' ही तीन बटणे

लेआउटची फाइल उघडली की एडिटरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन बटणे येतात. 'कोड' म्हणजे नुसता एक्सएमएल मजकूर, 'डिझाइन' म्हणजे चित्र आणि पॅनेल, 'स्प्लिट' म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी. २०२० मधल्या ३.६ आवृत्तीपूर्वी 'डिझाइन' आणि 'टेक्स्ट' असे दोन टॅब एडिटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असत. जुने व्हिडिओ तिकडेच बोट दाखवतात, म्हणून लोक खाली शोधत राहतात.

नव्या आवृत्त्यांत या बटणांवर नाव नसते, फक्त छोटी चिन्हे असतात. माउस क्षणभर चिन्हावर ठेवला की नाव उमटते. कीबोर्डवरून बदलायचे तर विंडोजवर ऑल्ट + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण, मॅकवर कंट्रोल + शिफ्ट + बाण.

शिकताना 'स्प्लिट' वापरावे, असे आमचे ठाम मत आहे. चित्रात बटण हलवल्यावर कोडमध्ये नेमकी कोणती ओळ बदलली ते डोळ्यांसमोर दिसते, आणि पुढे कधी पॅलेटशिवाय काम करायची वेळ आली तर हात अडत नाही. नुसत्या 'डिझाइन'मध्ये सहा महिने काढलेल्याला साधी समासाची ओळही हाताने लिहिता येत नाही.

> तपासा : बटणे मुळीच नाहीत? एडिटरच्या माथ्यावरच्या टॅबवर फाइलीचे नाव वाचा. नावाच्या शेवटी '.केटी' किंवा '.जावा' असेल तर तुम्ही कोडच्या फाइलीत आहात. टप्पा ३ पुन्हा करा.

## टप्पा ५ : चार पॅनेल आणि ती गायब होण्याची कारणे

'डिझाइन'मध्ये मध्यभागी पडद्याचे चित्र, डावीकडे वर 'पॅलेट', त्याखाली 'कंपोनंट ट्री' आणि उजवीकडे 'ॲट्रिब्यूट्स' असते. एखादे दिसत नसेल तर कारण यांपैकीच असते:

- पॅनेल मिटलेले आहे. पॅनेलच्या माथ्यावरच्या उणे चिन्हावर चुकून क्लिक झाले की ते मिटून एडिटरच्या कडेला उभ्या अक्षरांत फक्त त्याचे नाव उरते. त्या उभ्या नावावर क्लिक केले की ते परत येते.
- 'ॲट्रिब्यूट्स' उघडे आहे पण रिकामे. चित्रात काहीच निवडलेले नाही. बटणावर किंवा 'कंपोनंट ट्री'तल्या नावावर एकदा क्लिक करा.
- डावीकडची 'प्रोजेक्ट' विंडोही नाहीशी झाली. फाइलीच्या टॅबवर डबल क्लिक झाला की एडिटर पूर्ण पसरतो आणि बाकी विंडो झाकल्या जातात. पुन्हा डबल क्लिक करा. तरीही घडी विस्कटलेलीच असेल तर शिफ्ट + एफ१२ ने मांडणी पूर्ववत होते.
- मेन्यूच नाहीत. विंडोज आणि लिनक्सवर नव्या रूपात 'फाइल', 'व्ह्यू' वगैरे मेन्यू डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे असतात.
- चित्राऐवजी गडद निळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या चौकटी. तो 'ब्लूप्रिंट' आहे. चित्राच्या जागेत क्लिक करून बी हे अक्षर दाबा. दरवेळी डिझाइन, ब्लूप्रिंट, दोन्ही असे आलटून-पालटून येते. तसेच ओ ने पडदा आडवा-उभा होतो आणि डी ने उपकरण बदलते.

पॅलेट सापडल्यावरही हवी ती वस्तू मिळत नाही, अशी तक्रार येते. ती रास्त आहे, कारण काही वस्तू अनपेक्षित कप्प्यांत आहेत. मजकूर भरायची चौकट, जिला कोडमध्ये 'एडिटटेक्स्ट' म्हणतात, ती 'टेक्स्ट' कप्प्यात 'प्लेन टेक्स्ट' या नावाने आहे. 'पासवर्ड', 'फोन', 'ई-मेल' याही त्याच चौकटीच्या वेगळ्या सेटिंग केलेल्या आवृत्त्या. यादीतून एक निवडायचा 'स्पिनर' 'कंटेनर्स'मध्ये आहे. 'लिस्टव्ह्यू' आणि 'रिलेटिव्हलेआउट' दोन्ही 'लेगसी'त गेले आहेत. नव्या कामात ते वापरू नका, यादीसाठी 'रिसायकलरव्ह्यू' घ्या. 'गाइडलाइन' आणि 'बॅरिअर' 'हेल्पर्स'मध्ये मिळतात. एखाद्या नावापुढे खाली जाणारा बाण असेल तर ती लायब्ररी प्रोजेक्टमध्ये अजून नाही. क्लिक केल्यास स्टुडिओ ती जोडतो आणि पुन्हा सिंक मागतो.

## टप्पा ६ : वस्तू ठेवा आणि चारही बाजूंचा विचार करा

साधने सापडली की सगळे घाईने बटणे ओढू लागतात. चित्रात सगळे जिथल्या तिथे दिसते, आणि ॲप मोबाइलवर चालवले की सगळी बटणे डाव्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात.

याचे कारण समजून घ्या. 'एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी'च्या साच्यातला मूळ लेआउट 'कन्स्ट्रेंटलेआउट' असतो. त्यात वस्तूची जागा ती कशाला बांधली आहे यावर ठरते. तुम्ही ओढून सोडलेली जागा स्टुडिओ 'टूल्स' या उपसर्गाने लिहून ठेवतो, आणि 'टूल्स'ने सुरू होणारी प्रत्येक ओळ फक्त एडिटरपुरती असते. ॲपमध्ये ती जातच नाही. बंध नाही म्हणजे जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे शून्य-शून्य.

१. वस्तू पॅलेटमधून चित्रावर सोडा.

२. तिच्या चार कडांच्या मध्यावर लहान गोल दिसतात. वरचा गोल धरून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत किंवा वरच्या वस्तूच्या खालच्या गोलापर्यंत ओढा.

३. डावा गोल डाव्या कडेला जोडा. वस्तू मध्यभागी हवी असेल तर उजवाही उजव्या कडेला जोडा.

४. 'ॲट्रिब्यूट्स'मधल्या चौकोनी आकृतीत समास भरा. ८ च्या पटीतले अंक, म्हणजे ८, १६, २४ डीपी (पडद्यावरच्या मापाचे एकक), धरले तर पडदा नीटनेटका दिसतो.

५. रुंदी ठरवा. आकृतीच्या आतल्या रेषेवर क्लिक करत गेले की तीन प्रकार येतात: ठरलेली, मजकुराएवढी, आणि बंधांमधली सगळी जागा व्यापणारी. तिसऱ्या प्रकारात कोडमध्ये ०डीपी लिहिले जाते. ते शून्य पाहून घाबरू नका आणि 'दुरुस्त' तर मुळीच करू नका.

प्रत्येक वस्तूला किमान एक आडवा आणि एक उभा बंध हवाच.

> इशारा : जादूच्या कांडीचे चिन्ह, म्हणजे 'इन्फर कन्स्ट्रेंट्स', एका क्लिकमध्ये सगळे बंध घालते. ते अंदाजाने घालते. एका मोबाइलवर बरे दिसते, टॅब्लेटवर विस्कटते. तीन-चार वस्तूंच्या पडद्यावर हातानेच बांधा.

> तपासा : 'कंपोनंट ट्री'त नावापुढे लाल खूण उरली आहे का? तिच्यावर क्लिक करून कारण वाचा. एकही लाल खूण नसेल तेव्हाच ॲप चालवा.

मराठी ॲप बनवणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. मजकुराच्या चौकटीला ठरीव उंची दिली की इंग्रजी अक्षरे नीट बसतात, पण देवनागरीत वरची वेलांटी आणि अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो. 'इन्क्लूडफॉन्टपॅडिंग' बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात; त्यानेही वरखालची मोकळी जागा कमी होते. उंची मजकुराएवढीच ठेवा आणि अक्षरांचा आकार एसपी या अक्षरांच्या मापाच्या एककात द्या, म्हणजे वापरणाऱ्याने फोनची अक्षरे मोठी केली तरी पडदा साथ देतो. बटणाची दाबायची जागा मात्र ४८ डीपीपेक्षा कमी नको.

मजकूर थेट लेआउटमध्ये न लिहिता 'स्ट्रिंग्ज' फाइलीत ठेवा. त्या फाइलीवर राइट क्लिक करून 'ओपन ट्रान्सलेशन्स एडिटर', मग पृथ्वीगोलाच्या चिन्हातून मराठी जोडा. आता चित्रावरच्या पट्टीतल्या भाषेच्या यादीत मराठी येते आणि ॲप न चालवताच 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' मावते का ते दिसते.

## टप्पा ७ : कंपोझमध्ये काय शोधायचे

इथे पॅलेट नाही, ओढाओढ नाही. जे आहे त्याचे नाव 'प्रिव्ह्यू', आणि ते तुम्ही कोडमध्ये मागितल्याशिवाय येत नाही.

१. ज्या फाइलीत पडद्याचे फंक्शन आहे तिथेच एक छोटे फंक्शन लिहा. त्याच्या डोक्यावर 'ॲट' चिन्हासह 'प्रिव्ह्यू' आणि 'कंपोझेबल' हे दोन्ही शब्द हवेत, आणि त्याला पॅरामीटर नसावेत.

२. त्या फंक्शनमधून तुमच्या पडद्याला हाक मारा, आपल्या थीमच्या आवरणात.

३. उजव्या वरच्या कोपऱ्यातून 'स्प्लिट' निवडा. 'बिल्ड अँड रिफ्रेश' मागितले तर ते करा.

'प्रिव्ह्यू सापडला नाही' असा संदेश आला तर बहुधा पहिली पायरी राहिली आहे. चित्र येते पण अक्षरे पार्श्वभूमीत मिसळतात, तेव्हा 'शोबॅकग्राउंड' चालू करा. त्याच कंसात 'लोकेल' एमआर (मराठीचा संकेत) दिले की मराठी मजकूर दिसतो, आणि 'फॉन्टस्केल' १.५ दिले की मोठ्या अक्षरांत पडदा तुटतो का ते कळते.

प्रिव्ह्यू कोसळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पडद्याच्या फंक्शनला थेट व्ह्यूमॉडेल (पडद्याची माहिती सांभाळणारा क्लास) दिलेले असते. एडिटरमध्ये डेटाबेस आणि नेटवर्क नसते, त्यामुळे ते तयारच होत नाही. पडद्याला फक्त साधी माहिती आणि क्लिकसाठी फंक्शन द्या. व्ह्यूमॉडेल त्याच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा.

## टप्पा ८ : जवळच्या नावांची गल्लत टाळा

'लेआउट इन्स्पेक्टर' हे रचना करायचे साधन नाही. चालू ॲपमधला पडदा उलगडून 'हे बटण इथे का आले' ते तपासण्यासाठी ते आहे. ॲप सुरू नसेल तर ते रिकामे दिसणारच. 'लेआउट व्हॅलिडेशन' एकच पडदा अनेक उपकरणांवर शेजारी-शेजारी दाखवते. 'रिसोर्स मॅनेजर'मध्ये चित्रे, रंग आणि लेआउट एकत्र सापडतात. नाव आठवते पण जागा आठवत नाही, तेव्हा शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबून ते नाव इंग्रजीत टाइप करा.

सगळे टप्पे नीट करूनही चित्र उमटत नसेल, तर 'फाइल' मेन्यूतले 'इनव्हॅलिडेट कॅशेस' करून स्टुडिओ पुन्हा सुरू करा. पहिल्याच अडचणीला हा उपाय करू नका: यानंतर सगळ्या फाइलींची अनुक्रमणी नव्याने होते, ती चालू असताना साधने अर्धवट दिसतात, आणि ते पाहून लोक तेच बटण पुन्हा दाबतात. खालची प्रगतीरेषा संपेपर्यंत थांबा, मग लेआउटची फाइल बंद करून परत उघडा.